मिळाली नाही

"मॅडम, हे न्या ना, डबल अ‍ॅपल. लेडीज लोक हेच नेतात."

मी पाइपची तंबाखू मागितली होती आणि दुकानदारानं हुक्क्याच्या फ्लेवरचं खोकं पुढे केलं होतं. कोथरूडमधलं नवंकोरं दुकान. निळी एलईडीची पट्टी, काचेच्या कपाटात हुक्के, ग्राइंडर, सिगारेट वळायचे नाना तऱ्हेचे कागद, त्यातले काही चक्क सोनेरी. पाइपसुद्धा होते दोन, शोभेला मांडल्यासारखे. पाइप आहेत आणि त्यात भरायची तंबाखू नाही, हे कसं काय, असं विचारलं तर म्हणाला, "पाइप गिफ्टमध्ये जातो. तंबाखू कोणी मागत नाही." मग जरा विचार करून त्यानं खालच्या खणातून रोलिंगच्या तंबाखूचं पाकीट काढलं. "हीच भरा की. धूरच काढायचाय ना?"

धूरच काढायचाय! हे वाक्य मामानं ऐकलं असतं तर त्या माणसाला तिथंच उभं करून अर्धा तास शिकवलं असतं.

ही तंबाखू मामासाठी हवी होती. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होता. मोर्स कोड येणारी आमच्या घरातली एकमेव व्यक्ती. १९७०च्या दशकात कुठल्याशा बंदरावर त्यानं पहिला पाइप घेतला आणि तेव्हापासून संध्याकाळी एक पाइप, हा त्याचा नेम. एकच. बोटीवर होता तोवर तंबाखूची चिंता नव्हती, डबे भरभरून यायचे. ते रिकामे डबे आजही घरात आहेत. एकात मामीची बटणं, एकात सुया आणि रीळ, एकात देवघरातल्या वाती. मामी जाऊन तीन वर्षं झाली, पण डब्यांतल्या वस्तू जागच्या हललेल्या नाहीत. निवृत्तीनंतर त्याचे जुने सोबती परदेशातून येताना एखादं पाकीट आणायचे. आता त्यातले काही प्रवास करत नाहीत, काही या जगात नाहीत. म्हणून एका रविवारी मामा मला म्हणाला, "अगं, तू सगळ्या पुण्यात स्कूटर घेऊन हिंडतेस. बघ ना कुठे चांगला तंबाखू मिळतो का." (मामा तंबाखूला ‘तो’ म्हणतो. माझ्या वडिलांकडे सगळे ‘ती’ म्हणतात. दोन्ही बरोबर आहे, भांडू नका.)

त्याच आठवड्यात बंगळुरूहून ताईचा, म्हणजे मामाच्या मुलीचा फोन. "बाबा तुला तंबाखू आणायला सांगतील. आणू नकोस. डॉक्टरांनी सीओपीडी सांगितलंय, इनहेलर चालू आहे, आणि हा माणूस गॅलरीत बसून पाइप ओढतोय."

मी दोघांनाही "बघते" म्हणाले.

दोन शनिवार मी दुकानं पालथी घातली. जायच्या आधी मामानं परीक्षा कशी करायची ते सांगितलं होतं. चिमटीत दाबायची. गोळा व्हायला हवी, पण सोडल्यावर हळूहळू मोकळी व्हायला हवी. चिकटून राहिली तर ओली, तिच्यात विस्तव टिकत नाही. कुरकुरली तर वाळलेली, ती भराभर जळते, धूर तापतो आणि जीभ पोळते. वासात व्हॅनिला किंवा चेरी नाकात घुसत असेल तर समजायचं की पानात दम नाही म्हणून वर अत्तर मारलंय. दुसऱ्या दुकानात एक पाकीट निघालं. दाबलं तर सुकलेल्या पाचोळ्यासारखा आवाज आला. तिसऱ्यात "शॉर्टफिल्म आहे का मॅडम?" असं विचारलं. चौथ्यातल्या माणसानं माझ्याकडे, माझ्या स्कूटरच्या हेल्मेटकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

का मिळत नाही, हे कळायला फार डोकं लागत नाही. पाइप ओढणारे उरले किती? पाकीट बाहेरून येणार, महाग असणार, महिन्याला एखादं खपणार आणि तोवर पुण्याच्या उन्हाळ्यात त्याचा पाचोळा होणार. असा माल कुठला दुकानदार ठेवेल? गंमत म्हणजे आपला देश तंबाखू पिकवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या देशांपैकी एक आहे. आंध्रात सिगारेटची पिकते, गुजरातेत चरोतरात आणि आपल्या निपाणीच्या पट्ट्यात विडीची. पण पाइपच्या तंबाखूवर पान खुडल्यानंतर बराच संस्कार होतो. लताकिया नावाचा प्रकार मूळचा सीरियातला. त्याची पानं लाकडाच्या धुरावर धरून काळी करतात. पेरीक अमेरिकेतल्या लुइझियानात होते, पिंपात दाबाखाली महिनोन्‌महिने आंबवतात. कॅव्हेंडिश वाफवून, दाबून गोड करतात. मग ही पानं कोणत्या प्रमाणात मिसळायची, ते वेगळंच शास्त्र. हे सगळं मामा सांगतो तेव्हा आजीच्या गोडा मसाल्याची आठवण येते. त्याच्या बोलण्यात तेवढंच प्रेम असतं.

म्हणजे दुकानात तंबाखू नव्हती ती कोणाच्या भल्यासाठी नव्हती असं नाही. खप नाही, म्हणून नव्हती. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तरी आमच्या ऑफिसच्या जिन्याचे कोपरे बघितले तर बंदी आहे असं कोणी म्हणणार नाही. ज्याला गिऱ्हाईक आहे ते बंदी असून मिळतं, ज्याला गिऱ्हाईक नाही ते कायदेशीर असून मिळत नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. प्रत्येक दुकानातून "नाही" ऐकून बाहेर पडताना मला बरं वाटत होतं. स्कूटरला किल्ली लावताना अक्षरशः हलकं वाटायचं. मग मी शोधत कशाला होते? याचं उत्तर मला उशिरा कळलं. मला तंबाखू नको होती. मला "मिळाली नाही" हे वाक्य खरेपणानं म्हणता यायला हवं होतं, आणि त्यासाठी मी पेट्रोल जाळत होते.

यामागे वडिलांकडचे आजोबा आहेत.

आमचं गाव निपाणीजवळ. आजोबांची तीन एकर, त्यात तंबाखू. सुट्टीत गेलं की वखारीच्या बाजूनं जाताना तो वास नाकात बसायचा, शिंका यायच्या, आणि दोन दिवसांनी येईनाशा व्हायच्या. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी निपाणीला पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. आजोबा त्या रस्त्यावर बसले होते. पुढे गोळीबार झाला, माणसं मेली. आजोबा त्याबद्दल फारसं बोलायचे नाहीत, पण "आमच्या पानाला दाम मागितला होता, दुसरं काय?" एवढं म्हणायचे. माझ्या वडिलांचं कॉलेज त्या पानाच्या पैशातून झालं. आमच्या घरातली पहिली पदवी तंबाखूची आहे, आणि तिच्यामुळे पुढे मी पुण्यात बसून नीतीवर निबंध लिहू शकते.

आजोबा तंबाखू खायचे. कमरेला चंची, तिच्यात पान, चुन्याची डबी, तंबाखूची पुडी. पुडी संपली की मला पाठवायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. नाक्यावरच्या टपरीवर जायचं, "आजोबांची" म्हणायचं, पुडी घ्यायची, उरलेल्या पैशांची लिमलेटची गोळी. अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायची नाही असा कायदा २००३ सालीच झाला आहे, पण तो आमच्या नाक्यापर्यंत पोचला नव्हता. पुडी दिली की आजोबा डोक्यावर हात ठेवायचे. मला त्या कामाचा अभिमान होता. धाकट्या भावाला पाठवलं की मी रुसायचे.

२००९ साली ते गेले. तोंडाचा कर्करोग. शेवटचे महिने जेवण नळीनं.

आता हे दोन म्हातारे शेजारी ठेवून बघा. मामा पाइप ओढायचा तेव्हा आम्ही मुलं कौतुकानं भोवती बसायचो. पाहुणे म्हणायचे, काय छान वास आहे. आजोबा पुण्याला आले की आई त्यांना बाल्कनीत थुंकायला वेगळा डबा द्यायची आणि तो डबा पाहुणे यायच्या आत लपवायची. दोघांच्या रक्तात जात होतं निकोटिनच. पाइपचा धूर छातीत ओढायचा नसतो, म्हणून तो निरुपद्रवी, असं मामाच्या पिढीतल्या पुष्कळांना अजून वाटतं. जीभ, घसा, तोंड यांना तो सोडत नाही, आणि थोडाफार छातीतही जातोच. पण पाइपला लताकिया आहे, पेरीक आहे, चिमटीत दाबून बघण्याची नजाकत आहे. आजोबांच्या पुडीला काय होतं? तीही ते तळहातावर घेऊन निवडायचे, वास घ्यायचे, "ही आपल्या मातीतली नव्हं" असं नुसत्या स्पर्शानं सांगायचे. तेही दर्दीच होते. त्यांना कोणी दर्दी म्हटलं नाही, एवढंच.

मग चांगली तंबाखू म्हणजे काय? पीटर गीच नावाच्या ब्रिटिश तत्त्ववेत्त्याचा १९५६ सालचा एक छोटा निबंध आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की ‘चांगला’ हा शब्द एकटा काही सांगत नाही, त्याच्या पुढचं नाम बघावं लागतं. तांबडी गाडी असेल तर ती तांबडी आहे आणि गाडी आहे, असं दोन भागांत म्हणता येतं. चांगल्या चोराचं तसं नाही. तो चोर म्हणून चांगला असतो, ‘चांगला आहे आणि चोर आहे’ असं त्याला तोडता येत नाही. मामाची चांगली तंबाखू तशी. तंबाखू म्हणून ती उत्तम असू शकते, आणि तिनं मामाचं काहीएक चांगलं होणार नाही. कोथरूडच्या दुकानदाराला हा फरक कळत नव्हता, कारण त्याला धूरच काढायचा होता. ताईला तो मान्य नव्हता, कारण तिच्या लेखी विषाला प्रत नसते. मी या दोघांच्या मधे उभी होते, आणि खरं सांगायचं तर मला मामाची बाजू समजत होती. गोष्ट वाईट आहे म्हणून तिच्यातलं बरंवाईट बघायचंच नाही, हे मला पटत नाही. दिवसाला एकच पाइप ओढणाऱ्या माणसानं तो एक तरी नीट असावा असं म्हटलं, तर त्यात काय चुकलं?

पाचव्या दुकानात तंबाखू मिळाली.

कॅम्पातलं जुनं दुकान. गल्ल्यावर मामाच्याच वयाचे गृहस्थ. त्यांनी मला काहीच विचारलं नाही, एक डबा काढला, झाकण उघडून माझ्यापुढे धरला. मी चिमटीत दाबली. गोळा झाली, मोकळी झाली. वास धुरकट, थोडा चामड्यासारखा, मामाच्या गॅलरीचा. ५० ग्रॅम, १,८०० रुपये. डब्यावर कर्करोग झालेल्या माणसाचं चित्र, कायद्याप्रमाणे भलंमोठं. मी चित्राकडे बघायचं टाळून पैसे दिले.

घरी येऊन डबा कपड्यांच्या कपाटात ठेवला आणि रविवारी मामाला सांगितलं, "मिळाली नाही."

"कॅम्पात बघितलंस?"

"बघितलं."

मामा खुर्चीत मागे रेलला. "संपलं पुणं," म्हणाला. "आता इथे काही मिळत नाही."

मराठीत ही फार सोयीची क्रिया आहे, मिळणं. ‘मला तंबाखू मिळाली नाही.’ या वाक्यात करणारा कोणी नाहीच. ‘मी’सुद्धा ‘मला’ होऊन बाजूला उभी आहे, जे काही झालं ते तंबाखूनं केलं. ‘मी आणली नाही’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, का नाही आणलीस? ‘मी देणार नाही’ म्हटलं की भांडणच. ‘मिळाली नाही’पुढे प्रश्न संपतात. सरकारी कार्यालयातली खिडकी असो की घर, नाही म्हणायची हिंमत नसली की आपण हेच क्रियापद वापरतो. रजा मिळाली नाही, वेळ मिळाला नाही, नेटवर्क मिळालं नाही.

पहिल्या चार दुकानांपर्यंत हे वाक्य खरं झालं असतं. बाजारानं माझं काम परस्पर केलं असतं, आणि मी त्यालाच माझा निर्णय म्हणून खपवलं असतं. पाचव्या दुकानानं घोळ केला.

खोटं बोलण्याबद्दल सगळ्यांत कडक माणूस म्हणजे इमॅन्युएल कांट. १७९७ सालच्या एका लेखात तो म्हणतो, मारेकरी दारात येऊन तुमचा मित्र घरात आहे का विचारत असेल तरीही खोटं बोलू नका. कॉलेजात हे वाचून आम्ही हसलो होतो. नंतर कळलं की कांट रोज सकाळी चहाबरोबर एक पाइप ओढायचा. एकच, असा त्याचा नियम होता. आणि चरित्रकार सांगतात की वर्षं सरली तशी त्याच्या पाइपची वाटी मोठी होत गेली. ही गोष्ट मला भयंकर आवडते. दुसऱ्याशी खोटं बोलायचं नाही हे जमवलेला माणूसही स्वतःशी आकड्यांचा असा खेळ करतोच. मामाच्या पाइपची वाटी मी अजून मोजलेली नाही.

पण मला कांटपेक्षा मिलनं जास्त अडचणीत आणलं. त्याच्या ‘ऑन लिबर्टी’त, १८५९ साली, म्हटलंय की शहाण्या, प्रौढ माणसाला त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी जबरदस्ती करायची नाही. समजवा, विनवण्या करा, वाद घाला, पण हात धरू नका. मी मामाचा हात धरला नव्हता. तंबाखू आणून द्यायला मी बांधलेली नाही. "मामा, माझ्या हातानं मी हे आणून देणार नाही, आजोबांना दिलं तेवढं पुरे," असं म्हणायचा मला पूर्ण हक्क होता. ते म्हटलं असतं तर तो चिडला असता, म्हणाला असता की तू कोण मला सांगणारी, कदाचित स्वतः रिक्षा करून कॅम्पात गेला असता. किंवा गेला नसता. यातलं काही ना काही त्यानं ठरवलं असतं. मी त्याला ठरवूच दिलं नाही. भांडायला समोर माणूसच ठेवला नाही, पुणं शहर ठेवलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन महासागरांत बोटी बुडताना त्यांचे संदेश घेतलेला, आणि मी त्याला लिमलेटच्या गोळीवर गप्प होणाऱ्या पोरासारखं वागवलं.

ताईला मी फोनवर खरं सांगितलं. ती म्हणाली, "छान केलंस." मला वाटलं होतं हे ऐकून बरं वाटेल.

तीन आठवडे डबा कपाटात होता. माझ्या ओढण्यांना वास लागला. ऑफिसात एकीनं विचारलंसुद्धा, परफ्यूम बदललास का?

गेल्या रविवारी मामाकडे गेले तर तो टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसला होता. मामीच्या बटणांच्या डब्याच्या तळाशी त्याला जुन्या तंबाखूचा चुरा सापडला होता, किती वर्षांचा कोण जाणे. बटणं एका बाजूला ओतलेली, निळी, पांढरी, एक मोठं कोटाचं. चुरा बशीत, त्यावर सफरचंदाची फोड, वरून झाकण. "ओल येते थोडी," तो म्हणाला. "उद्यापर्यंत होईल बघ." बोलताना त्याला दम लागत होता. इनहेलर बशीच्या शेजारीच होता.

मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

"मिळाली होती," मी म्हटलं. "तीन आठवडे झाले. मी दिली नाही तुला."

मामानं डबा उचलला, उलटा करून चित्र बघितलं, सुलटा केला, झाकण काढलं. चिमटीत दाबली. बराच वेळ वास घेतला.

"बरा आहे," म्हणाला. "कुठे, कॅम्पात?"

"हो."

"मग दिला का नाहीस? आणि आज का आणलास?"

मी तयारी केलेली सगळी वाक्यं आजोबांपाशी येऊन अडली. मी त्यांच्या पुडीचं सांगितलं, नाक्याचं, गोळीचं. मामाला हे माहीत नव्हतं. तो माझ्या आजोबांना दोन-तीनदाच भेटला होता, लग्नकार्यात. तो काही बोलला नाही. मग झाकण लावून डबा आमच्या दोघांच्या मधे ठेवला, बटणं एकेक करून मामीच्या डब्यात परत टाकायला लागला.

"हे ताईला माहीत होतं?"

"हो."

"लाव तिला फोन," मामा म्हणाला. "आणि स्पीकरवर ठेव."